मालमत्तेचे मत आणि वऱ्हाडचा ‘ऱ’

प्रतिनिधित्वाचा प्रश्न राज्यघटनेने 1950 साली सोडवला, आता उरला तो केवळ अंमलबजावणीचा, असे मानणारे सुशिक्षित आपल्यातही पुष्कळ आहेत. विधानसभेत राखीव जागा किती, ग्रामपंचायतीचे आरक्षण कसे फिरते, नोकऱ्यांचा अनुशेष कोणत्या खात्यात साचला, हा आपला नेहमीचा हिशोब. तो मांडलाच पाहिजे. परंतु गेल्या तीस-पस्तीस वर्षांत कारभाराची काही नवी मंडळे उभी राहिली आहेत. त्यांची नावे आपल्या चळवळीच्या ठरावांत येत नाहीत, त्यांच्या निवडणुकांची भिंतपत्रके आपल्या वस्तीत लागत नाहीत. आणि तरीही बुलढाणा जिल्ह्यातल्या सोनाळ्यासारख्या सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातील मागासवर्गीय मुलाला शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा असेल, त्याच्या बापाला सातबारा काढायचा असेल, तर ज्या यंत्रणेतून जावे लागते तिचे मूळ नियम ही मंडळे ठरवतात. ही यंत्रणा म्हणजे इंटरनेट.

इंटरनेटला मालक नाही असे मोठ्या कौतुकाने सांगितले जाते. मालक नसेल, कारभारी आहेत. गावालाही मालक नसतो. पाटील असतो, कुळकर्णी असतो, आणि महाराने कोठे उभे राहायचे हे ठरलेले असते.

या कारभाराची एक बाजू अशी. इंटरनेटला जोडलेल्या यंत्राला एक क्रमांक लागतो. जुन्या पद्धतीच्या क्रमांकांची एकूण संख्या सुमारे 429 कोटी, म्हणजे जगाच्या लोकसंख्येपेक्षाही कमी. हा साठा पाच प्रादेशिक संस्था जगभर वाटतात. आशिया आणि प्रशांत महासागराच्या 56 देश-प्रदेशांसाठीची संस्था म्हणजे एपनिक. 1993 साली ती सुरू झाली. आरंभी टोकियोत होती, 1998 पासून ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेनला आहे. भारतात क्रमांकवाटपाचे काम 2012 पासून आयरिन ही नोंदणी संस्था करते. ती 2003 साली स्थापन झालेल्या निक्सीचा भाग, परंतु प्रादेशिक व्यवस्था एपनिकचीच. जुन्या क्रमांकांचा जागतिक साठा फेब्रुवारी 2011 मध्ये वाटून संपला. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये एपनिकचा साठाही शेवटच्या राखीव भागावर आला आणि तेथून पुढे नव्याने येणाऱ्याला चिमूटभरच मिळू लागले. ज्यांनी आधी येऊन विहिरी धरल्या त्यांच्याकडे पाणी राहिले. नव्या पद्धतीच्या क्रमांकांचा साठा अफाट आहे हे खरे, पण जुने क्रमांक निरुपयोगी झालेले नाहीत. त्यांची खरेदीविक्री चालते.

आता या संस्थेचा मताधिकार पाहा. एपनिकच्या कार्यकारी मंडळावर सात सभासद निवडून जातात. निवडून देतात त्या सभासद-संस्था, म्हणजे कंपन्या, विद्यापीठे, सरकारी खाती. इंटरनेट वापरणाऱ्या माणसाला मत नाही. आणि सभासद-संस्थांनाही सारखे मत नाही. ज्याच्याकडे क्रमांकांचा साठा मोठा त्याची वर्गवारी वरची, आणि ज्याची वर्गवारी वरची त्याची मते जास्त: सहयोगी सभासदाला 1 मत, त्यावरच्याला 2, मग 4, 8, 16, 32, आणि सर्वांत मोठ्याला 64. अशी शिडी या संस्थेने आपल्या नियमांत ठेवली. बाकी जगात असेच असेल असे कोणी म्हणेल, तर युरोपातल्या तशाच संस्थेत एका सभासदाला एक मत आहे. उत्तर अमेरिकेतल्या संस्थेतही एक सभासद, एक मत. चौसष्टपट मताची श्रीमंती नेमकी आशियाच्या वाट्याला आली!

हे वाचताना वऱ्हाडच्या इतिहासाचा विद्यार्थी दचकल्याशिवाय राहणार नाही, कारण हा मताधिकार आपण ओळखतो. 1919 च्या सुधारणा कायद्याने हिंदी माणसाला मत मिळाले असे शाळेच्या पुस्तकात असते. मत कोणाला मिळाले? ठरावीक रकमेवर शेतसारा भरणाऱ्याला, आयकर भरणाऱ्याला, अमुक भाड्याच्या घरात राहणाऱ्याला. ब्रिटिश हिंदुस्थानच्या लोकसंख्येत हे मतदार जेमतेम तीन टक्के होते. मालमत्ता हीच लायकी. सालदार, वेठबिगार, मेलेली ढोरे ओढणारा, यांच्या नावावर सारा कोठून असणार?

लॉर्ड साउथबरो यांच्या अध्यक्षतेखालची मताधिकार समिती मुंबईला आली तेव्हा 27 जानेवारी 1919 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिच्यापुढे साक्ष दिली. वय सत्तावीस, सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक होऊन काही आठवडेच झालेले. त्या साक्षीतला युक्तिवाद आजही जसाच्या तसा लागू पडतो, म्हणून थोडा विस्ताराने सांगतो. अस्पृश्याजवळ मालमत्ता नाही, याचे कारण तो आळशी किंवा अडाणी आहे हे नव्हे. त्याने दुकान मांडले तर स्पृश्य त्याच्याकडून घेणार नाही. व्यापाराची वाट अस्पृश्यतेनेच बंद केली आहे. तेव्हा आधी माणसाला मालमत्ता मिळवू द्यायची नाही आणि मग मालमत्ता नाही म्हणून मत नाकारायचे, हा दुहेरी अन्याय होय. मताधिकाराची अट म्हणूनच अस्पृश्यांसाठी खाली आणली पाहिजे. दुसरा मुद्दा याहून खोल होता. आमच्या हिताची मते दुसरा कोणी मांडतो, एवढे पुरेसे नाही. आमची माणसे स्वतः तेथे असली पाहिजेत. मतांचे प्रतिनिधित्व आणि माणसांचे प्रतिनिधित्व या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोकराज्याला दोन्ही लागतात.

समितीने काय केले? अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ नाकारले, मताधिकाराची अट त्यांच्यासाठी खाली आणली नाही, आणि सरकारने काही माणसे नेमावीत अशी शिफारस केली. या शिफारशींचा तक्ता त्याच वर्षी भारत सरकारच्या खलित्यात आला. आठ प्रांतांची लोकसंख्या 22 कोटी 14 लाख; त्यात दलित वर्ग 4 कोटी 19 लाख; कायदेमंडळांच्या एकूण जागा 791; त्यांपैकी दलित वर्गासाठी 7. लोकसंख्येत जवळजवळ पाचवा हिस्सा, जागांत शंभरात एकही नाही. मध्य प्रांताच्या रकान्यात 1 कोटी 20 लाखांत दलित वर्ग 37 लाख दाखवला आहे, म्हणजे दर तिघांत जवळजवळ एक, आणि 72 जागांत एक जागा. पंजाब आणि आसामच्या वाट्याला तीही नाही.

वऱ्हाडची तऱ्हा तर आणखी न्यारी. वऱ्हाड कागदोपत्री निजामाचे. 1853 च्या तहाने ते इंग्रजांच्या हाती आले, 1902 मध्ये कायमच्या पट्ट्याने त्यांच्याकडे राहिले आणि 1903 मध्ये मध्य प्रांताला जोडले गेले. प्रांत दुभाषी: इकडे मराठी, तिकडे हिंदी, आणि सरकारदरबारी इंग्रजी. वऱ्हाड कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थान नव्हे, म्हणून वऱ्हाडात जो निवडून येई तो कायद्याच्या भाषेत निवडून आलेला नसेच. निवडणूक ही शिफारस, आणि गव्हर्नर त्याची नेमणूक करी. म्हणजे वऱ्हाडातल्या सवर्ण जमीनदारालाही आपले मत हे पुरते मत नसल्याचा अनुभव होता. या अपमानाची पुष्कळ ओरड त्या काळच्या पुढाऱ्यांनी केली. आपल्या शेजारच्या महारवाड्याला तेवढेही मत नाही, याची ओरड त्यांच्या तोंडून फारशी निघाली नाही. गणेश आकाजी गवई यांच्यासारखे वऱ्हाडातले अस्पृश्य पुढारी 1920 नंतर त्या कायदेमंडळात गेले, ते नेमणुकीनेच.

नेमणुकीची जागा सर्वस्वी निरुपयोगी असते असे मात्र म्हणता येणार नाही. बाबासाहेब स्वतः मुंबई कायदेमंडळात नेमणुकीने गेले आणि त्याच जागेवरून त्यांनी 19 मार्च 1928 रोजी महार वतनाचे बिल आणले. परंतु नेमलेल्या माणसाचे बळ त्याच्या स्वतःच्या ताठ कण्यावर अवलंबून असते. त्याला नेमणारा उद्या दुसऱ्याला नेमू शकतो. म्हणूनच बाबासाहेब नेमणुकीवर थांबले नाहीत. गोलमेज परिषद, जातीय निवाडा आणि 24 सप्टेंबर 1932 चा पुणे करार या सगळ्या झगड्यानंतर 1935 च्या कायद्यात मध्य प्रांत-वऱ्हाडच्या 112 जागांत अस्पृश्यांसाठी 20 राखीव झाल्या. 72 तली नेमणुकीची एक कोठे आणि 112 तल्या निवडणुकीच्या वीस कोठे! त्या वीस जागांवर कोणाच्या मताने कोण निवडून येणार, हा पुणे कराराने मागे ठेवलेला काटा वेगळा. त्याची चर्चा आपल्याकडे खूप झाली आहे.

एपनिकसारख्या संस्थांत आज नेमणुकीची जागा घेतली आहे ती फेलोशिपने. प्रादेशिक परिषदा भरतात. आशिया-प्रशांत विभागाचे इंटरनेट कारभारविषयक संमेलन 2010 साली हाँगकाँगला सुरू झाले, 2014 साली आपल्याकडे दिल्लीजवळ भरले. अशा परिषदांना गरीब देशांतले काही तरुण खर्च देऊन बोलावतात. तरुणांनी अवश्य जावे. पण बोलावणारा कोण, निवडणारा कोण, आणि परत आल्यावर हा तरुण कोणाला जबाबदार, हे प्रश्न 1920 च्याच जातकुळीचे आहेत. फेलोला मत नसते.

येथे एक उत्तर ठरलेले मिळते: दार तर सर्वांना उघडे आहे. एपनिकचे क्रमांकवाटपाचे धोरण मतदानाने नव्हे, खुल्या सभेत सहमतीने ठरते. कोणीही यावे, कोणीही बोलावे. कोणाचा ठाम आक्षेप राहिला नाही की ठराव झाला.

उघड्या दाराचा आपला अनुभव जुना आहे. 4 ऑगस्ट 1923 रोजी सी. के. बोले यांच्या ठरावाने मुंबई कायदेमंडळाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले. 1924 साली महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले झाले, आणि तीन वर्षे एकाही अस्पृश्याला त्याचे पाणी पिता आले नाही. 20 मार्च 1927 ला हजारो माणसे घेऊन बाबासाहेब तळ्यावर उतरले तेव्हा ठरावाला अर्थ आला, आणि त्याबद्दल परतणाऱ्या माणसांची डोकी फुटली. खुलेपणा जाहीर करणारे आणि खुलेपणाची किंमत मोजणारे नेहमी वेगळे असतात.

इंटरनेटच्या तळ्यावर काठी घेऊन कोणी उभे नाही. तेथे इंग्रजी उभी आहे. एपनिकचे कामकाज इंग्रजीत चालते. चीन, जपान, कोरिया, इंडोनेशिया, भारत, नेपाळ, बांगलादेश, जगातल्या सर्वांत जास्त भाषा ज्या प्रदेशात आहेत त्याचा कारभार अशा भाषेत, जी त्यातल्या बहुसंख्यांची मातृभाषा नाही. लॅटिन अमेरिकेची तशीच संस्था स्पॅनिश, पोर्तुगीज आणि इंग्रजी अशा तीन भाषांत काम करते. आफ्रिकेची इंग्रजी आणि फ्रेंच या दोन भाषांत. या सगळ्यांच्या वर, नावांचा कारभार पाहणारी 1998 साली स्थापन झालेली आयकॅन ही संस्था संयुक्त राष्ट्रांच्या सहा भाषा वापरते. त्यांत दक्षिण आशियातली एकही नाही. सहमतीने ठरवणे म्हणजे जो गप्प बसला त्याची संमती धरणे. माझ्या वर्गातला पहिल्या पिढीचा पदवीधर इंग्रजी वाचून समजतो, पण शंभर परक्या माणसांत उठून इंग्रजीत आक्षेप घेणे ही निराळीच गोष्ट आहे. ते ज्याच्या घरात दोन पिढ्या इंग्रजी बोलली गेली त्यालाच जमते. आणि भारतात कोणत्या घरांत दोन पिढ्या इंग्रजी बोलली गेली, हे या नियतकालिकाच्या वाचकांना सांगायला नको.

मग भारतीय भाषांना काहीच जागा मिळाली नाही काय? मिळाली, आणि तिची हकीकत सांगण्यासारखी आहे. इंटरनेटवरची नावे, म्हणजे संकेतस्थळांचे पत्ते, कित्येक वर्षे फक्त रोमन अक्षरांत होती. 27 ऑगस्ट 2014 रोजी ‘.भारत’ हे देवनागरी नाव सुरू झाले. मराठी, हिंदी, कोकणी, नेपाळी, बोडो, डोगरी, मैथिली, सिंधी अशा आठ भाषांसाठी. त्यापुढचे पाऊल म्हणजे जागतिक पातळीवर देवनागरीतले कोणते अक्षर नावात चालेल, कोणते नाही, कोणती दोन अक्षरे एकसारखी दिसून फसवणूक होईल, याचे नियम करणे. त्यासाठी आयकॅनने ब्राह्मीपासून निघालेल्या नऊ लिप्यांची एक समिती धरली, आणि देवनागरीचा तिचा मसुदा 2019 साली पुरा झाला.

आता लिपी एक आणि भाषा अनेक असल्या म्हणजे काय होते ते पाहा. ‘वऱ्हाड’ हा शब्द घ्या. त्यातला अर्धा र हिंदीला लागत नाही. हिंदीचे काम डोक्यावरच्या रफाराने भागते. मराठीत मात्र ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या घळी. अक्षर बदलले की सातपुडा समुद्रात जातो. संगणकासाठी जगभर मानलेला अक्षरांचा युनिकोड तक्ता 1991 पासून आहे. त्यात नुक्त्याच्या ‘ऱ’ला घर मिळाले ते द्राविडी भाषांतला एक उच्चार देवनागरीत लिहिता यावा म्हणून. आमचा अर्धा र त्याच्या आडोशाला राहतो. दुसरी एक पद्धत होती, न दिसणारे जोडचिन्ह मध्ये घालण्याची, पण नावांच्या मूळ यादीत असल्या अदृश्य चिन्हांना बंदी आहे. मराठी, कोकणी, नेपाळी यांना हा अर्धा र लागतो हे ठाऊक असलेली माणसे समितीत होती, म्हणून ‘ऱ’ला नियमांत जागा झाली. नसती तर आपल्या प्रांताचे नाव त्याच्या शुद्ध रूपात नोंदवता आले नसते. अक्षर जाणणारा माणूस प्रत्यक्ष तेथे बसलेला असावा लागतो, ही बाबासाहेबांची साउथबरो समितीपुढची मागणी एका अक्षराच्या बाबतीत अशी खरी ठरली.

परंतु येथेच थांबून टाळ्या वाजवायच्या काय? मराठीला माणूस मिळाला, कारण मराठीमागे राज्य आहे, विद्यापीठे आहेत, पुण्याला भाषा-संगणनाचे मोठे सरकारी केंद्र आहे. सोनाळ्याच्या बाजारात वऱ्हाडी बोलली जाते, हिंदी बोलली जाते, डोंगरातून उतरलेल्या माणसांची कोरकू ऐकू येते. याच पट्ट्यात, जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांच्या डोंगराकडेला, निहाली बोलणारी दोन-अडीच हजार माणसे राहतात. निहालीचे नाते भारतातल्या कोणत्याही भाषाकुळाशी निश्चित जुळत नाही. भाषाशास्त्रज्ञ तिच्यासाठी देशोदेशींहून येतात, तिच्यावर ग्रंथ लिहितात. त्या भाषेत मुलाला अर्ज मात्र करता येत नाही. लिपीचे नियम करणाऱ्या समितीपुढे भाषांच्या जोमाची एक शिडी होती: वरच्या पायऱ्यांवर राष्ट्राची भाषा, प्रांताची भाषा, शाळेत स्थिरावलेली भाषा. पहिल्या चार पायऱ्यांवरच्या भाषांचाच विचार करायचा असे ठरले. चौथ्या पायरीच्या खाली निहालीसारख्या भाषा. ही व्यवहाराची सोय होती, त्यात दुष्टावा शोधण्याचे कारण नाही. पण मताला शेतसाऱ्याची अट घालणाऱ्यांनीही व्यवहाराची सोयच सांगितली होती. मालमत्ता नाही म्हणून मत नाही. शाळा नाही म्हणून अक्षर नाही. आणि शाळा का नाही?

भाषेचा प्रतिनिधी हा त्या भाषेतल्या सर्वांचा प्रतिनिधी असतो, या गृहीतकावर बाबासाहेबांनी 1955 साली भाषिक राज्यांवरच्या आपल्या पुस्तकात बोट ठेवले. भाषेच्या नावाने राज्य झाले की त्या भाषेतली संख्येने आणि जमिनीने मोठी जात सत्तेवर येते. लहान जातींना आपली भाषा मिळते, सत्ता मिळत नाही. म्हणून मराठी मुलखाची एक नव्हे, चार राज्ये करा असे ते म्हणाले. त्यांच्या त्या योजनेशी कोणाचे मतभेद असतील, रोगाच्या निदानाशी असणे कठीण आहे. इंटरनेटच्या मंडळांत ‘भारत’ बसला म्हणजे मराठी बसली असे होत नाही, मराठी बसली म्हणजे निहाली बसली असे होत नाही, आणि भाषा कोणतीही बसली तरी दलित बसला असे होत नाही.

2018 साली आयकॅनच्या एका कार्यगटाने विविधतेचे सात घटक ठरवले: प्रदेश, भाषा, लिंग, वय, शारीरिक अपंगत्व, कौशल्य आणि सभासदाचा गट. जात त्यात नाही. तिच्यापुढे जात कोणी मांडली नाही तर ती येणारही नाही, आणि मांडायला तेथे असणाऱ्याला ती बहुधा दिसत नाही. गंमत अशी की आरक्षणाचे तत्त्व या संस्थेला अमान्य नाही. तिच्या संचालक मंडळावर जगाच्या प्रत्येक विभागातला निदान एक माणूस असलाच पाहिजे आणि कोणत्याही विभागाचे पाचांहून जास्त असता कामा नयेत, असा तिचा स्वतःचा नियम आहे. त्याला कोणी आरक्षण म्हणत नाही, त्याने गुणवत्ता ढासळते असा लेख अजून कोणी लिहिलेला नाही. विभागासाठी जे चालते ते विभागातल्या तळच्या माणसासाठी का चालू नये, हा प्रश्न भारतातून जाणाऱ्या प्रतिनिधीने विचारायचा. तो कधी विचारील, हे तो कोणत्या घरातून गेला यावर ठरेल.

वापरणाऱ्या सामान्य माणसाला मत देण्याचा प्रयोग या क्षेत्रात एकदा झाला होता. ऑक्टोबर 2000 मध्ये आयकॅनने जगाच्या पाच विभागांतून पाच संचालक थेट मतदानाने निवडले. सोळा वर्षांवरच्या, ई-मेल आणि टपालाचा पत्ता असलेल्या कोणालाही नाव नोंदवता येत होते. कंपनी लागत नव्हती, क्रमांकांचा साठा लागत नव्हता. एका माणसाला एकच मत. सुमारे 34 हजार माणसांनी जगभरातून मत दिले. आशिया-प्रशांतची जागा जपानकडे गेली, कारण तेथे नोंदणीची मोठी मोहीम झाली होती. देशादेशांत चुरस लागली, संख्याबळाचा खेळ झाला, अशी टीका झाली. जणू निवडणुकीत दुसरे काही होत असते! 2002 च्या फेररचनेत ही पद्धत काढून टाकण्यात आली आणि संचालक निवडण्याचे काम पुन्हा समित्यांकडे आणि संघटित गटांकडे गेले.

त्या एका निवडणुकीत मतदाराचा गुप्त आकडा टपालाने घरी पाठवत असत. ते पाकीट सोनाळ्याच्या पोस्टातही येऊ शकले असते. ई-मेलचा पत्ता मात्र आधी हवा होता, आणि इंग्रजीतला अर्ज भरून देणारा कोणीतरी.